आमच्याकडं पडतात त्या गारा

मराठीत 'बर्फ' या एका शब्दावर आपण बरीच कामं भागवतो. उसाच्या रसात पडतो तो बर्फ, मासळीच्या पेटीत भरतात तो बर्फ, जत्रेत गोळेवाला किसतो तो बर्फ, आणि हिमालयात आभाळातून पडतो तोही बर्फच. 'हिम' हा शब्द आहे, पण तो भूगोलाच्या पुस्तकात राहतो. 'हिम बघायला चाललोय' असं आमच्या गल्लीत कुणी म्हणालं, तर लोक आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतील. जे दारात कधी पडतच नाही, त्याला वेगळं नाव कोण कशाला ठेवेल?

दारात पडतात त्या गारा. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, विट्यापासून जवळ. मार्च-एप्रिलच्या एखाद्या दुपारी आभाळ काळंनिळं होतं, पत्र्यावर ताशा वाजायला लागतो, पोरं परात घेऊन अंगणात धावतात. आणि त्याच वेळी द्राक्षबाग असलेला माणूस ओट्यावर गप्प बसलेला असतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली, तेव्हा पांढऱ्या झालेल्या शेतांचे फोटो 'हे काश्मीर नाही' अशा ओळीसकट फिरत होते. ती ओळ लिहिणाऱ्याची बाग नसणार. आमच्याकडं आभाळातून गोठलेलं पाणी पडलं, की ती बातमी वाईटच असते.

सातारा जिल्ह्याकडं निदान महाबळेश्वर आहे. हिवाळ्यात एखाद्या सकाळी वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठतं, गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपावर पांढरा थर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'महाबळेश्वरात हिमकण' असा मथळा येतो. हवेचं तापमान तेव्हा शून्याखाली गेलेलं असतंच असं नाही. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, अशा रात्री जमिनीलगतची उष्णता भराभर वर निघून जाते आणि गवताचं पातं हवेपेक्षा जास्त गार होतं. ऊन आलं की खेळ संपतो. आमची शाळेची सहल तिथं पोचली तेव्हा अकरा वाजले होते. आम्ही मक्याची कणसं खाऊन परत आलो.

आईचं माहेरही सातारा जिल्ह्यातलंच, पण माण तालुक्यातलं. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माणात पाचशेच्या आसपास, तोही त्याच्या मनात असेल तर. आईच्या लहानपणीच्या आठवणींत टँकर आहे, चारा छावणी आहे, घागरी आहेत. बर्फ कुठंच नाही.

तरी या दोन जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत बर्फ बघितलेलं एखादं माणूस सापडतं. फक्त ते बर्फ 'बघायला' गेलेलं नसतं. साताऱ्याकडची पोरं फौजेत गेली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात. पाण्यावाचून वाढलेली माणसं थेट बर्फात उभी राहिली. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. त्यांतला एक माण तालुक्यातल्या मस्करवाडीचा होता. आईच्या माहेरी त्या दिवसांत कुणाच्याही घरचा टीव्ही बंद नव्हता. आजी एकच विचारत होती, "बर्फात माणूस गाडला जातो म्हंजी, माती हाय का ती?"

आणि आमच्या खानापूर-आटपाडीकडची पोरं गलाईला गेली.

गलाई म्हणजे काय, हे पुण्यातल्या मैत्रिणींना मला दरवेळी समजावून सांगावं लागतं. सोनाराकडं जुना दागिना मोडीत येतो. त्यात सोनं किती, तांबं-चांदी किती, हे काढायचं, म्हणजे टंच काढायचा, आणि मग शुद्ध सोनं वेगळं करून द्यायचं. हे काम करणारी आमच्या भागातली माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत पसरलेली आहेत. दुष्काळानं गावाबाहेर काढलेला एक माणूस दुसऱ्याला घेऊन गेला, दुसऱ्यानं पुतण्याला बोलावलं, आणि बघता बघता गावंच्या गावं बाहेर गेली. जत्रेला आमच्या गावात केरळपासून पंजाबपर्यंतच्या नंबरप्लेटच्या गाड्या लागतात. पारावर बसलेला म्हातारा तमीळमध्ये फोनवर बोलताना दिसला, तरी कुणी वळून बघत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सतराव्या वर्षी चुलत्याबरोबर लुधियान्याला गेले. पुढची नऊ वर्षं चुलत्याच्या हाताखाली आणि त्यानंतर स्वतःच्या दुकानात सव्वीस. वर्षातून दोनदा यायचे, जत्रेला आणि दिवाळीला. बरेच गलाईवाले बायकापोरं घेऊन जातात. अण्णांनी आम्हाला नेलं नाही. घरी आजी-आजोबा होते, जिरायत का होईना पण शेती होती, दोन म्हशी होत्या, आणि हे सगळं आईच्या अंगावर होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी अण्णांनी एसटीडी बूथवरून आईला सांगितलं होतं, "इथनं मनाली जवळ हाय. पुढल्या वर्षी तुला बर्फ दाखवतो."

लुधियाना ते मनाली अंतर तीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. पुढलं वर्ष यायला सव्वीस वर्षं लागली.

मधल्या काळात नोटाबंदी झाली, जीएसटी आला, जून २०२१ पासून हॉलमार्किंग सक्तीचं व्हायला लागलं, आणि मिनिटात टंच सांगणारी मशिनं बाजारात आली. लॉकडाऊनमध्ये अण्णा दोन महिने त्या खोलीत अडकून होते. तेव्हापासून त्यांचा खोकला वाढला. शेवटी आटपाडीकडच्या एका पोराला दुकान देऊन ते कायमचे घरी आले. घरी आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांतच आईनं भाकरी थापता थापता विषय काढला. "आता तुम्ही मोकळं हाय. माझा बर्फ?"

'माझा बर्फ' हा शब्दप्रयोग मला फार आवडला. उधारी मागावी तसा.

विमानानं चंदीगडला जायचं आणि पुढं टॅक्सी, असा माझा बेत होता. पैसे मीच भरणार होते, त्यामुळं मत मांडायचा हक्क आहे असं मला वाटत होतं. पण लुधियान्याला अण्णांची एक लोखंडी पेटी आणि जुना काटा अजून पडून होता, तो आणायचा होता. भावानं नवी एर्टिगा घेतलेली, त्याला ती पळवायची होती. आणि मामा म्हणाले, "गाडीनं जात असाल तर मी येतो."

मामा फौजेत ड्रायव्हर होते. पठाणकोट, जम्मू, श्रीनगर, लेह या रस्त्यावर त्यांनी सामानाच्या ट्रकांचे ताफे चालवले. हिवाळ्यात झोजिला खिंड बंद व्हायची. ती बंद व्हायच्या आत लडाखमधल्या फौजेसाठी पुढच्या कित्येक महिन्यांचा शिधा, रॉकेल, औषधं वर पोचवावी लागत. मामांच्या डाव्या पायाच्या दोन बोटांची टोकं नाहीत. आम्ही भाच्यांनी लहानपणी विचारलं की ते सांगायचे, "उंदरानं खाल्ली." आम्ही बरीच वर्षं ते खरं मानत होतो.

तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण निघालो. आईनं दोन डबे भरून भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, आणि बर्फात लागतील म्हणून डिंकाचे लाडू घेतले. विट्याहून कडेगावमार्गे कराड, आणि कराडला हायवेला लागलं की मग वळायचंच कारण नाही. आपण ज्याला पुणे-बंगळूर रस्ता म्हणतो तोच ४८ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग पुणे, मुंबई, सुरत, बडोदा, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर करत दिल्लीला जातो. साताऱ्यात खंबाटकी घाटाच्या बाजूला तोंड करून उभी असलेली गाडी, सरळ जात राहिली तर, दिल्लीला पोचते. मला हे गुगल मॅपवर कळलं. अण्णांना आधीपासून माहीत होतं. रेल्वेचं तिकीट मिळालं नाही की ते आणि गावातले इतर गलाईवाले ट्रकनं याच रस्त्यानं जायचे.

प्रवासात आम्ही एकाही हॉटेलात राहिलो नाही, हे आता कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. पहिली रात्र सुरतेला, अण्णांच्या मावसभावाकडं. दुसरी उदयपूरला, शेजारच्या गावच्या एका गलाईवाल्याकडं. त्यांची सून मराठी शिकलेली राजस्थानी मुलगी, तिनं आम्हाला पिठलं करून घातलं. तिसरी जयपूरच्या पुढं. प्रत्येक घरी तोच संवाद. "कुणीकडं?" "बर्फ बघाया." मग घरातला कर्ता पुरुष हसायचा आणि त्याची बायको हसायची नाही. उदयपूरच्या काकींनी आईला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, "तुम्ही कसं काय तयार केलंत ह्यांना?"

मागच्या सीटवर माझ्या एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला भाकऱ्यांचे डबे. मामा पुढं बसून भावाच्या गाडी चालवण्यावर लक्ष ठेवून होते. बोलायचे नाहीत, फक्त त्याचा वेग शंभरच्या वर गेला की पाय आपोआप ब्रेक दाबल्यासारखा पुढं जायचा. दिल्लीचं मी काही सांगत नाही. धुकं होतं, धूर होता, आम्ही काच वर करून बाहेर पडलो. पानिपतचा फलक दिसल्यावर सगळे गप्प झाले, आणि मग अण्णाच म्हणाले, "आपल्या लोकांनी गरम कपडं आणायला पायजे हुती." एवढ्यावर आम्ही पानिपत ओलांडलं.

लुधियाना.

चौडा बाजार नावाचा लुधियान्याचा जुना बाजार आहे, नावाप्रमाणे अजिबात चौडा नाही. त्याच्या मागच्या गल्ल्यांमधून अण्णा असे चालत होते, की आम्हाला मागे पळावं लागत होतं. घरी ते हळू चालतात. इथं प्रत्येक दुकानातून कुणी ना कुणी हाक मारत होतं, "ओ मराठा भाई!" आणि अण्णा पंजाबीत काहीतरी बोलून हसत होते. मी त्यांना कधी पंजाबी बोलताना ऐकलं नव्हतं. आवाजच वेगळा होता, मोठा, मोकळा. आईनं माझा दंड धरला होता. ती हळूच म्हणाली, "हे कोण हायत गं?"

खोली दुसऱ्या मजल्यावर. जिना इतका अरुंद, की मामांना आडवं होऊन चढावं लागलं. आठ बाय दहाची जागा. पुढच्या बाजूला भट्टी, शेजारी दगडी ओटा, त्यावर काचेची भांडी; मागे एक फळी, तीवर सामान. भिंत वरपर्यंत तपकिरी झालेली. गलाईत सोनं चांदीबरोबर वितळवतात, त्याचे दाणे करतात आणि मग शोऱ्याच्या तेजाबात उकळतात. तेजाबात चांदी-तांबं विरघळून जातं, सोनं तळाशी उरतं. ते पिवळं नसतं. कॉफीच्या भुकटीसारखं तपकिरी दिसतं. धुऊन परत मुशीत वितळवलं की मग सोनं वाटायला लागतं. सोनं १०६४ अंशांना वितळतं. आणि तेजाब उकळतं तेव्हा नारिंगी-तपकिरी धूर निघतो, तो घसा आणि फुप्फुसं जाळतो. पंखा होता, बाहेर धूर फेकणारा. भिंतीचा रंग बघितल्यावर त्यानं किती धूर बाहेर फेकला असेल याचा अंदाज येत होता.

दुकान चालवणारा पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा. त्यानं आईच्या पाया पडून चहा टाकला. आई उभीच. तिनं विचारलं, "झोपायचं कुठं बाळ?"

त्यानं फळीवरचं सामान बाजूला केलं. "हितंच, काकू. आन् खाली एक जण."

"पाणी?"

"खालनं आणायचं. सकाळी सहा ते सात."

आईनं ओट्यापासून मागच्या भिंतीपर्यंत पावलं टाकली. पाच झाली. मग ती फळीवरच्या अंथरुणाकडं बघत राहिली. त्यावर एक वाकळ होती. ती वाकळ आईनं शिवलेली. तिच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे मलासुद्धा ओळखू आले. एक हिरवा, माझ्या बारशातल्या फोटोत दिसतो तो. वाकळीवर जागोजागी भोकं पडलेली, कडेनं पिवळी. तेजाबाचे थेंब. पोरगा ओशाळून म्हणाला, "काकांनी ठिवून दिली मला. लई ऊब हाय हिला."

आईनं भोकांतून बोट घालून बघितलं. एक, दोन, तीन. अण्णा दाराशी उभे राहून जिन्याकडं बघत होते. कुणी काहीच बोललं नाही. मग आईनं कपबश्या गोळा केल्या आणि ओट्यावर विसळायला घेतल्या. पोरगा नको नको म्हणत होता, तरी तिनं सगळ्या विसळून पालथ्या घातल्या. बाहेर पडताना भाकरीचा उरलेला डबा आणि ठेचा त्याच्या हातात दिला. पेटी आणि काटा मामा-भावानं खाली आणले.

गाडीत अर्धा तास शांतता होती. मग रोपडच्या आसपास आई म्हणाली, "तुम्ही फोनवर म्हणायचा, खोली चांगली हाय."

"चांगलीच हुती की," अण्णा म्हणाले. "लोकांच्यात सहा-सहा जण असायचे."

त्यापुढचा रस्ता आता पूर्वीपेक्षा सोपा झालाय. कीरतपूरपासून पुढं बराच चौपदरी आहे, बोगदे आहेत. बिलासपूर, मंडी, कुल्लू. बियास नदी सोबत येते. अंधार पडल्यावर मनालीत पोचलो. गावात बर्फ नव्हता. रस्त्याकडेला काळपट, घोड्यांच्या लिदीत मिसळलेले दोन ढीग होते, ते दाखवून भाऊ म्हणाला, "आई, बघ!" आईनं बघितलं आणि म्हणाली, "ह्याच्यासाठी एवढ्या लांब?"

सकाळी कळलं की वरच्या अंगाला रात्री पडलाय, आणि पोलीस फक्त फोर बाय फोर गाड्या सोडतायत. एर्टिगा तिथंच राहिली. भावाचं तोंड बघण्यासारखं होतं. आम्ही तिथल्याच एका माणसाची गाडी ठरवली. वाटेत भाड्याचे कोट आणि गमबूट देणाऱ्या टपऱ्यांची रांग असते. सहावारी साडीवर तो एकसंध सूट चढवायचा कसा, या विचारात मी होते, तेवढ्यात टपरीवाल्या बाईनं आईच्या निऱ्या दोन हातांनी उचलल्या, गुंडाळल्या, पाय आत, साखळी वर. अर्ध्या मिनिटात. तिनं आयुष्यात किती साड्या अशा भरल्या असतील! आई आरशात बघून इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. मामांनी भाड्याचे बूट घेतले नाहीत. त्यांनी घरूनच स्वतःचे आणले होते, आणि प्रत्येकाला लोकरी मोज्यांचा जास्तीचा जोड दिला. "मोजा ओला झाला की लगेच बदलायचा. पाच मिनिटांनी न्हाई, लगेच." तेव्हा पहिल्यांदा त्यांनी उंदराचं नाव न घेता स्वतःच्या पायाकडं बोट केलं.

अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. लांबी ९.०२ किलोमीटर. त्याआधी रोहतांग खिंड बर्फानं बंद झाली, की पलीकडचं लाहौल हिवाळाभर तुटून राहायचं. आता दहा-पंधरा मिनिटांत पलीकडं. मामा पुढं बसले होते, ड्रायव्हरच्या हातांकडं बघत. बोगदा संपत आला तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, "चेन कब लगाते हो?" त्यानं एकदा त्यांच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "फौजी हो?" पुढचा रस्ता ते दोघं आपल्याच भाषेत बोलत होते: उतारावर गिअर, ब्रेकला हात लावायचा नाही, काळा बर्फ कसा ओळखायचा.

आणि मग बोगद्याचं तोंड आलं.

वर्णन करायची मला भीती वाटते, कारण सगळ्यांनी रीलमध्ये बघितलेलं आहे. मीही बघितलं होतं. रीलमध्ये जे नसतं तेवढंच सांगते. गाणं नव्हतं. सिस्सूच्या अलीकडं गाडी थांबली, आम्ही उतरलो, आणि थोडं आत चालत गेल्यावर आवाजच संपला. ताजा बर्फ बहुतेक हवाच असतो, त्याच्या पोकळ्यांत आवाज मुरतो. भाऊ माझ्यापासून दहा पावलांवर ओरडत होता आणि त्याचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा येत होता.

आईनं हातमोजा काढला, वाकून मूठभर उचलला, दाबला. तो दबेना. कोरडा होता, बोटांमधून सांडला. "भाजलेल्या रव्यागत हाय," ती म्हणाली. एवढंच. मग परत उचलला, परत सांडला. भारावून वगैरे गेली नव्हती; बाजारात डाळ बघावी तशी बघत होती.

अण्णांनीही चिमूटभर घेतला, अंगठा आणि बोटात चोळला, डोळ्यांजवळ धरला. आयुष्यभराची सवय. भाऊ म्हणाला, "काय अण्णा, किती टंच?"

"शंभर," अण्णा म्हणाले. आणि हसता हसता त्यांना खोकला लागला.

तो थांबेना. ती जागा समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांच्या वर आहे. हवा विरळ, त्यात ती छाती. मामा माझ्या आधी पोचले. त्यांनी अण्णांना मॅगीवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, नखांचा रंग बघितला, म्हणाले, "दाजी, एक ते वीस मोजा. मोठ्यानं." अण्णा अकरापर्यंत गेले, श्वास घेतला, मग वीस. "ठीक हाय. पण वीस मिनिटं. मग खाली." मामांच्या आवाजात तेव्हा जे होतं ते मी घरी कधी ऐकलं नव्हतं. अण्णांचा लुधियान्यातला आवाज आणि मामांचा इथला. दोन दिवसांत घरातल्या दोन माणसांशी माझी नव्यानं ओळख झाली.

आई अण्णांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पाठीवरून हात फिरवत तिनं विचारलं, "तुमच्या खोलीपासनं मनाली किती तास?"

"सात-आठ."

"सव्वीस वर्षांत एक दिवस सवड झाली न्हाई?"

अण्णांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. "भट्टी एक दिवस बंद ठिवली, की सोनार दुसऱ्याकडं जातो." मग थोड्या वेळानं, "बाजारातली पोरं चाललीवती एकदा. गाडीत जागा हुती. मला चल म्हणाली. मी म्हणलं, हिला आधी दाखवायचाय. आधी आपणच बघून कसं चालंल."

"मग मला कधी बोलला न्हाईत."

"काय बोलायचं? आणलं न्हाईच तर."

आई काही म्हणाली नाही. तिनं त्यांच्या गळ्याभोवतीचा मफलर सोडून परत घट्ट बांधला, गरजेपेक्षा जरा जास्तच घट्ट.

उरलेल्या मिनिटांत तिनं एक काम केलं. पाण्याची लिटरची बाटली रिकामी करून तीत बर्फ भरला, दाबून दाबून, गळ्यापर्यंत. माहेरी न्यायचा म्हणे. आजीला दाखवायला. मामा म्हणाले, "अक्का, बोगद्याच्या आत पाणी हुईल." ती म्हणाली, "हू दे." गाडीत हीटर चालू होता. मनालीत पोचेपर्यंत बर्फ विरघळला आणि बाटलीत अर्धंही पाणी भरेना. आईनं बाटली उजेडात धरून बघितली. माणातल्या बाईचा तो हिशोब होता. "एवढ्या बर्फाचं एवढंच पाणी?" मग ड्रायव्हरला विचारायला मला सांगितलं, की खालच्या नदीत तरी पाणी असतं का बारमाही.

ड्रायव्हर म्हणाला, असतं. ती नदी चंद्रा. पुढं तांदीला तिला भागा नावाची नदी मिळते, आणि दोन्ही मिळून चंद्रभागा होते. तीच पुढं चिनाब.

मी सांगितल्यावर आईनं मला परत सांगायला लावलं. चंद्रभागा? खरं? तिच्या माहेरची माणगंगा पंढरपूरच्या अंगाला भीमेला मिळते, आणि पंढरीत तिथल्या भीमेलाच चंद्रभागा म्हणतात. दर आषाढीला तिच्या माहेरची माणसं तिथं जातात. तिनं बोगद्याच्या दिशेला वळून हात जोडले. बाटलीचं झाकण परत फिरवून घट्ट केलं. मग ती बाटली परतीच्या सगळ्या वाटेवर तिच्या मांडीवर होती, आणि आता आजीच्या देव्हाऱ्यात आहे. आजी ते पाणी चंद्रभागेचंच समजते. त्यात चूक काही नाही.

घरी आल्यावर अण्णांना विट्याला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. पंप सुरू झालाय, रोजचा. काटा माळ्यावर न ठेवता अण्णांनी बाहेरच्या खोलीत लावलाय. आई त्यावर मसाले मोजते. पेटी आईनं अजून उघडू दिलेली नाही, सुट्टीत सावकाश बघू म्हणते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडं गल्लीतल्या बायका आल्या. निम्म्यांचे नवरे गलाईला. कोण चेन्नईला, कोण कोलकत्याला, कोण आसामात. सगळ्यांना बर्फाचं ऐकायचं होतं. आई मधोमध बसली आणि सांगायला लागली. जिना किती अरुंद. फळी केवढी. पाणी सकाळी सहा ते सात, तेही खालनं. भिंत कशी तपकिरी, अन् धुराचा पंखा कसा लहान. तिनं पावलं टाकून दाखवलं, हितनं हितवर, पाच. बायका तिळगूळ हातात धरून बसल्या होत्या, खात नव्हत्या. चेन्नईवाल्याची बायको म्हणाली, "आमचं म्हणत्यात, खोली चांगली हाय." कोलकत्यावाली म्हणाली, "आमचं बी."

मग कुणीतरी विचारलं, "अन् बर्फ कसा हुता गं?"

आईनं मला फोन आणायला सांगितलं, फोटो दाखवायला.